बाप्पाचे वाहन आणि आमची वाहने

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी सायंकाळी झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दरवर्षी या व्यासपीठावर डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतले मोठे अधिकारी बोलतात. यंदा आपल्या चिटणीसांचा मला फोन आला, "या वेळी तुम्ही बोलायचं." मी म्हटले, अहो, मी गॅरेजवाला. माझ्या नखांतले काळे दिवाळीच्या अभ्यंगस्नानालाही निघत नाही. ते म्हणाले, "म्हणूनच बोला. आमच्या गाड्या तुमच्याकडे येतात, तुम्ही बिल देता, आम्ही पैसे देतो. मधे आत काय होतं ते आम्हाला कधीच कळत नाही." तर आत काय होते, एवढेच आज सांगणार आहे. त्यात माझी एक मोठी चूकही येईल. ती इथल्या काही जणांना ठाऊक आहे, बाकीच्यांना आज कळेल.

बाप्पासमोर उभा आहे, तेव्हा त्यांच्या वाहनापासून सुरुवात करतो. नोएडात थंडी पडली की उंदीर उबेला येतात, आणि रात्री नुकत्याच बंद केलेल्या गाडीच्या इंजिनाइतकी उबदार जागा त्यांना दुसरी नाही. वायरी कुरतडतात, नळ्या कुरतडतात, बॉनेटच्या आतल्या कापसाचे घर करतात. पन्नास-साठ लाखांच्या गाडीला दीड वीत लांबीचा प्राणी जागेवर उभी करतो. डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत दर आठवड्याला एखादी तरी याच कारणाने येते. माझ्या चुकीतही उंदीर आहे. पण ते पुढे.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात एका मेस्त्रींच्या हाताखाली शिकलो. त्यांना आम्ही वस्ताद म्हणायचो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट वाजतोय." उघडून पाहिले की तिसराच असायचा. १९९६ साली इकडे आलो, दिल्लीतल्या एका मोठ्या वर्कशॉपात बारा वर्षे नोकरी केली आणि २००८ साली सेक्टर ६३ मध्ये भाड्याच्या शेडमध्ये स्वतःचे सुरू केले. इथली पोरे मला उस्ताद म्हणतात. शब्द एकच, कोल्हापुरात त्याला मातीचा वास येतो, इथे ग्रीसचा.

लोक माझ्याकडे येतात ते 'इम्पोर्टेड' गाड्या घेऊन. या शब्दाची एक गंमत सांगतो. या गाड्यांपैकी बऱ्याचशा आपल्याच देशात जोडलेल्या असतात, आणि त्याही आपल्या महाराष्ट्रात. मर्सिडीजची पहिली भारतीय गाडी १९९५ साली पिंपरीत, टेल्कोच्या कारखान्यात तयार झाली. २००९ पासून त्यांचा स्वतःचा कारखाना चाकणला आहे. ऑडीच्या कितीतरी गाड्या शेंद्र्याला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला आणि आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जोडल्या गेल्या. एकदा एक पंजाबी गृहस्थ मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "जर्मन गाडी है, हाथ संभाल के लगाना." मी दाराच्या चौकटीवरची पट्टी दाखवली आणि म्हटले, साहेब, ही माझ्या गावाकडची आहे, तुम्हीच सांभाळून बसा. असो. पण सुटे भाग आणि गाडीच्या डोक्यात बसवलेले संगणक मात्र बहुतेक बाहेरचेच, आणि सगळा खर्च तिथेच.

आता मुद्द्यावर येतो. आज गाडी बिघडली की मालक म्हणतो, "स्कॅनर लावा, मशीन सांगेल." स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचे झाले, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, आपल्याकडे ही पद्धत २०१० नंतर बीएस-४ च्या काळात रूढ झाली. त्यात यंत्र लावले की गाडी एक अक्षर आणि चार आकडे सांगते. पी-०१७१ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. पी-०२९९ म्हणजे टर्बोचा दाब हवा तेवढा तयार होत नाही.

नीट ऐका, मी काय म्हणालो. दाब तयार होत नाही. टर्बो खराब आहे असे मी म्हणालो नाही, आणि गाडीही म्हणत नाही. आपण सगळे सोसायट्यांत राहतो. गार्डने इंटरकॉमवर सांगितले की नवव्या मजल्यावर पाणी येत नाही, तर ती बातमी खरी असते. पण मोटर जळली, टाकी रिकामी आहे, व्हॉल्व्ह कुणी बंद केला की मधे कुठे पाइप फुटला, हे गार्डला माहीत नसते. गाडीतले यंत्र हा तो गार्ड आहे. त्याच्या बोलण्यावरून कुणी थेट नवी मोटर विकत आणली तर आपण त्याला काय म्हणू? मी तेच केले.

२०१३ सालचा जानेवारी. यमुना एक्स्प्रेसवे सुरू होऊन पाच-सहा महिने झाले होते आणि ज्याच्याकडे बरी गाडी तो आग्र्याला जाऊन येत होता. आपल्या मंडळातलेच एक काका, सरकारी उपक्रमातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, माझ्याकडे आले. नाव घेत नाही. ते दुसऱ्या रांगेत बसले आहेत आणि आत्ता हसत आहेत. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी हौसेने वापरलेली एक जर्मन डिझेल गाडी घेतली होती. तक्रार अशी की, शंभराच्या वेगात चढ आला किंवा पुढच्याला ओलांडायला पाय दाबला की गाडी एकदम दम सोडते, साठच्या वर जात नाही. बाजूला घेऊन बंद करून पुन्हा सुरू केली की ठीक.

यंत्र लावले. पी-०२९९. गाडी एक लाख तीस हजार किलोमीटर चाललेली. टर्बोच्या पंख्याला हाताने हलवून पाहिले तर थोडी ढिलाई वाटली. थोडी ढिलाई चालते, हे मला तेव्हाही माहीत होते. पण त्या आठवड्यात शेडमध्ये अकरा गाड्या उभ्या होत्या, आणि याच जातीच्या दोन गाड्यांचे टर्बो मी त्याच वर्षी बदलले होते. बुलंदशहरचा एक पोरगा माझ्याकडे शिकायला होता, एकोणीस वर्षांचा. तो म्हणाला, "उस्ताद, पहले पाइप देख लें?" मी सर्वांसमोर म्हणालो, "मशीन ने बता दिया ना? तू झाडू मार." हे वाक्य मला अजून ऐकू येते.

काकांना एक लाख चाळीस हजारांचा आकडा सांगितला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता तर करा." जुना टर्बो बदल्यात देऊन नवा आणला, बसवला, सेक्टर ६२ ला वळसा घालून चाचणी घेतली. गाडी उत्तम. काका पेढे घेऊन आले.

दहाव्या दिवशी जेवरच्या टोलच्या पुढून त्यांचा फोन. गाडीने पुन्हा दम सोडला होता. काकू बरोबर होत्या, बाहेर धुके. साठच्या वेगाने, मागून ट्रक हॉर्न देत असताना, ते परत आले आणि थेट शेडमध्ये गाडी लावली.

त्या रात्री मी आणि तो पोरगा दोघेच थांबलो. या टर्बोमधली पाती इंजिनाच्या पोकळीने, म्हणजे व्हॅक्यूमने, हलतात. ती पोकळी पेन्सिलीपेक्षा बारीक रबरी नळीतून येते. हातपंप लावून नळीत पोकळी निर्माण केली. घड्याळाची सुई चढली आणि हळूहळू खाली आली. याचा अर्थ कुठेतरी गळती. नळी काढत काढत मागे गेलो. इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथे ती एका लोखंडी पट्टीला टेकते, तिथे खालच्या बाजूला दोन दातांच्या खुणा होत्या. टेकलेली असेपर्यंत भोक बंद राहायचे. जोरात चालवली, इंजिन हलले, की उघडायचे. टर्बो बदलताना माझ्याच हाताने ती नळी घट्ट दाबून बसली होती, म्हणून चाचणीत गाडी ठीक वाटली. नळीची किंमत दीडशे रुपये.

पोरगा काही बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

सकाळी काका आले. मी नळी त्यांच्या हातात दिली आणि खरे ते सांगितले. ते रागावले नाहीत. इंजिनिअर माणूस, नळी उलटसुलट करून पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "टर्बो सांगण्याआधी तुम्ही ही तपासली होती का?" मी म्हणालो, "नाही." ते म्हणाले, "मग चूक टर्बोची नाही आणि उंदराचीही नाही." आणि रिक्षा करून घरी गेले.

एक लाख चाळीस हजार परत करायचे ठरवले. जुना टर्बो परत मिळणार नव्हता, नवा कुणी परत घेणार नव्हते. त्या महिन्यात शेडचे भाडे थकले होते. सौ.ने भिशीचे चाळीस हजार काढून दिले, बाकीचे मी तीन हप्त्यांत दिले. काकांनी शेवटचा हप्ता घ्यायला नकार दिला, तो मी काकूंच्या हातात ठेवला. पुढे सहा महिने ते दुसरीकडे गाडी नेत होते. मग एक दिवस आले, बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "आवाज येतोय. आधी तपासा, मग सांगा." तेव्हापासून गाडी माझ्याकडेच होती. गाडीचे पुढे काय झाले तेही सांगतो.

त्या प्रकरणानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. एक, तो पोरगा आधी तपासणार आणि मी त्याचे ऐकणार. आज तो माझा मुख्य कारागीर आहे. दुसरी गोष्ट तुमच्या खिशाशी संबंधित आहे म्हणून जरा विस्ताराने सांगतो. मी तपासणीचे पैसे वेगळे घ्यायला लागलो. पूर्वी आम्ही सगळेच "चेकिंग फ्री" अशी पाटी लावायचो. पण तपासणी फुकट असेल तर गॅरेजवाल्याची कमाई सगळी सुटे भाग विकण्यातून होते. आणि ज्याचे पोट भाग विकण्यावर आहे, त्याला प्रत्येक गाडीत एक भाग खराब दिसतोच. मलाही दिसायचा. खोटेपणाने नव्हे, डोळ्यांना तशी सवय लागते. तीन तास शोधून दीडशेची नळी सापडली तर तीन तासांचे पैसे कोण देणार? म्हणून मी तासांचे घेतो. अनेक गिऱ्हाइके यावर भांडतात. "नुसतं बघायचे अडीच हजार?" म्हणतात आणि जातात. आपल्यातलेही काही गेले. मी नावे घेणार नाही, पण मोदक त्यांनाही मिळणार आहेत.

नुसते बघणे म्हणजे काय, त्याचा एक नमुना देतो. गेल्या वर्षी एक गाडी क्रेनवर आली. सगळे दिवे पेटलेले, एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, गिअर, जणू दिवाळी. दुसऱ्या ठिकाणी दोन संगणक बदलायला सांगितले होते, तीन लाखांच्या घरात. आता या गाड्यांतले संगणक एकमेकांशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. बॉश कंपनीने १९८६ साली ही पद्धत जगापुढे मांडली. त्या तारांच्या दोन्ही टोकांना एकशे वीस ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी काढायची, सोळा पिनांच्या सॉकेटातली सहावी आणि चौदावी पिन साध्या मल्टिमीटरने मोजायची. दोन एकशे वीस समांतर, म्हणजे साठ यायला हवेत. एकशे वीस आले तर एक टोक तुटलेले. शून्याजवळ आले तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटलेल्या. आठशे रुपयांच्या मीटरने दोन मिनिटांत कळते की, तीन लाखांचे संगणक आधी बघायचे की तारा. मीटरने एकशे वीस दाखवले. आम्ही दोन्ही संगणक तसेच ठेवले आणि तार धरून चालत गेलो. ड्रायव्हरच्या सीटखालचा गालिचा उचलला तर खाली पाण्याचे तळे. ते आले कुठून? छताच्या काचेच्या चारी कोपऱ्यांत पाणी जायला बारीक नळ्या असतात. गाडी कायम कडुनिंबाखाली उभी राहायची, पाल्याने नळी तुंबली, पावसाचे पाणी खांबातून आत उतरले आणि जोडणीच्या पिना हिरव्या पडल्या. पिना बदलल्या, नळी फुंकून साफ केली, गालिचा दोन दिवस उन्हात वाळवला. तुमच्यापैकी ज्यांच्या गाडीला छताची काच आहे त्यांनी पावसाळ्याआधी त्या नळ्यांत वाटीभर पाणी ओतून पाहा, चाकांजवळ खाली पडते का.

पण हेही सगळे आम्हाला किती दिवस करता येईल, ही खरी काळजी आहे. नव्या गाड्यांत बाहेरचे यंत्र लावले तर गाडी विचारते, तू कोण? कंपनीच्या सर्व्हरवरून परवानगी आल्याशिवाय काही दारे उघडत नाहीत. एका गाडीतला चांगला भाग काढून दुसरीत बसवला तर ती त्याला ओळखत नाही. चोरीला आळा बसावा हे त्यामागचे एक कारण खरे आहे; पण त्याच कुलपाने आमच्यासारख्यांनाही बाहेर ठेवले जाते. आपल्या देशात याविरुद्ध एक मोठे प्रकरण झाले, ते फारसे कुणाला माहीत नाही. शमशेर कटारिया नावाच्या एका नागरिकाने तक्रार केली की कार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि हे भाग व साधने स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना उपलब्ध करा, असे सांगितले. पुढे अपिले झाली. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चे पोर्टल काढले, त्यात मोटारीही आहेत. कागदावर आम्ही जिंकत आहोत. शेडमध्ये अजून सर्व्हरची वाट पाहतो. पोर्टल निघाले त्या संध्याकाळी माझ्या कारागिराने विचारले, "उस्ताद, अब ताला खुल जाएगा?" मी त्याला चहा सांगितला.

काकांच्या गाडीचे सांगायचे राहिले. ती डिझेल. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली आणि २०१८ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यात आपले गौतम बुद्ध नगरही आले. २०२५ साली न्यायालयाने ऑगस्टात कारवाई थांबवायला सांगितली आणि डिसेंबरात ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतेच ठेवले. म्हणजे काय राहणार, काय जाणार, हे दर वर्षी नव्याने वाचावे लागते. जानेवारीत इथली हवा आपण सगळे श्वासात घेतो, माझ्या कारागिराच्या मुलीला पंप लागतो. त्यामुळे या नियमाविरुद्ध मी मोठ्या तोंडाने बोलणार नाही. धूर गाळणारी जाळी तुंबली की "काढूनच टाका, कुणाला कळतंय" असे म्हणणारे येतात. ती मी काढत नाही. गाडी रोज शाळा, बाजार, शाळा अशी दोन-दोन किलोमीटर चालवली तर ती तुंबणारच. महिन्यातून एक-दोनदा एक्स्प्रेसवेवर वीस-पंचवीस मिनिटे एका लयीत चालवा, धूर तापतो, काजळी आतच जळते. पण नऊ वर्षांची, अंगात काही दोष नसलेली गाडी कुणी आणली आणि दोन लाखांचे काम निघाले, तर काय सांगायचे? मी आता कामाची किंमत आणि गाडीचे उरलेले महिने असे दोन आकडे एकाच कागदावर लिहून देतो. ठरवायचे त्यांनी.

काकांचा दहा वर्षांचा हिशेब २०१९ मध्ये भरला. त्यांनी ना हरकत दाखला घेतला आणि गाडी सोलापूरला भाच्याकडे पाठवली. जाण्याआधी एक दिवस माझ्याकडे आणली. काही बिघाड नव्हता. आम्ही दोघांनी बॉनेट उघडले, कारागिराने हातपंप लावला. सुई चढली आणि तिथेच राहिली. काकांनी घड्याळात पाहून पाच मिनिटे मोजली. भाच्याचा अजूनही फोन येतो. दोन वर्षांपूर्वी तिकडच्या कुणीतरी टर्बो बदलायला सांगितला होता. मी म्हटले, आधी नळी बघायला सांग.

मागून खुणा होत आहेत, आरतीची वेळ झाली. उंदरांवर उपाय काय, हा प्रश्न मला आधीच तीन जणांनी विचारला आहे. तंबाखूची पाने ठेवतात, ती आठवडाभर चालतात, मग त्यांना सवय होते. कचऱ्याच्या डब्याजवळ गाडी लावू नका, गाडीत बिस्किटांचे पुडे ठेवू नका, आणि थंडीत आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून नुसते बघा. गावाला महिनाभर जाणार असाल तर शेजाऱ्याला किल्ली देऊन जा, म्हणजे बॅटरीही उतरणार नाही. बाकीचे प्रश्न प्रसाद घेताना विचारा. फक्त मला पार्किंगमध्ये नेऊन अंधारात आवाज ऐकवू नका. आज सदरा नवा आहे.

गणपती बाप्पा मोरया!